भिंत वाळली का?

रात्री साडेनवाला भिंतीवर चिकटवलेला प्लास्टिकचा तुकडा दुसऱ्या दिवशी रात्री काढला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते. तुकडा हातभर लांब, हातभर रुंद. चारही कडा चिकटपट्टीने बंद केलेल्या. म्हणजे थेंब बाहेरून आले नव्हते, भिंतीतून आले होते. आणि भिंत? हात फिरवला तर कोरडी ठणठणीत. पाऊस थांबून आठ दिवस झाले होते.

पेंटरने तो तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला. "पाहा ताई, ही भिंत अजून पाणी पिऊन बसली आहे. आत्ता रंग मारला तं होळीले पापुद्रे निघतीन."

हे मला वेगळं सांगायला नको होतं. नागपुरात मानेवाड्याकडच्या आमच्या घरात, याच खोलीत, दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या दहा दिवस आधी मी चांगल्यातला चांगला, महागातला इमल्शन लावून घेतला होता. होळीपर्यंत जमिनीलगत ताटलीएवढे फुगे आले. पुढच्या पावसाळ्यात दोन फुटांचा पट्टाच सुटला. नखाने ओढला की पापडासारखा अख्खा तुकडा हातात यायचा, आणि मागे पांढरी, मऊ खार. डबा घेतला त्या दुकानदाराशी मी भांडले, पेंटरशीही भांडले. दोघांचीही चूक होती, पण मुख्य चूक त्या डब्यात नव्हती.

म्हणून यंदा मे महिन्यात संपादकांचा फोन आला, की दिवाळी अंकाचा विषय 'घर' आहे, आतल्या भिंतींसाठी चांगला रंग कसा निवडावा यावर लिहा, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शेडकार्डं आणून बसले. पण पुढच्या चार महिन्यांत जितक्या पेंटरांशी, दुकानदारांशी, घरमालकांशी बोलले, तितकी ती शेडकार्डं बाजूला पडत गेली. नागपुरात रंगाचा प्रश्न डब्यापाशी सुरूच होत नाही.

सत्तेचाळीस अंशांच्या शहरात ओल

नागपूर म्हटलं की ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो; मे 2013 मध्ये तो 47.9 वर पोचला होता. अशा गावात भिंतीला ओल कशी राहील, असं मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं. पण आपल्या भिंतींना वर्षातून दोनदा पाणी मिळतं. एकदा जून ते सप्टेंबर, आभाळातून. आणि त्याआधी एप्रिलपासून, कूलरमधून.

कूलरचं पाणी आपण कधी मोजत नाही. खिडकीबाहेरच्या स्टँडवर लोखंडी कूलर, तीन बाजूंना ओलं गवत, दिवसाला कित्येक बादल्या पाणी. ते सगळं पाणी वाफ होऊन खोलीत येतं. समोरची खिडकी किंवा दार उघडं असेल तर ती हवा पुढे निघून जाते. पण दुपारी झळ येते म्हणून आपण सगळं बंद करून घेतो. मग ती दमट हवा कोपऱ्यात, कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी साचते. जूनमध्ये कपाट सरकवलं की मागे काळे ठिपके दिसतात. ती बुरशी आहे. त्यात स्टँडवरून गळणारं पाणी खिडकीखालच्या गिलाव्यात मुरत असतं, ते वेगळंच. मे महिन्यात मी पाहिलेल्या घरांपैकी बहुतेक घरांत सगळ्यात वाईट अवस्थेतली भिंत कूलरच्या खिडकीची होती. तिच्यावर तीन-तीनदा रंग झाले होते. कूलरची गळती मात्र कोणी थांबवली नव्हती.

दुसरी गोष्ट पायाखालची. शहराच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूला बेसॉल्टचा खडक आणि त्यावर काळी माती. कापूस पिकवायला उत्तम, पाया घालायला अवघड. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यावरचं घरही वर्षाला केसभर हलतं. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे जातात. पुट्टीने बुजवलेला तडा पुढच्या वर्षी नेमका त्याच रेषेत उघडतो आणि लोक पुट्टीला दोष देतात. बेसा भागातल्या एका घरमालकांनी तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून बाजूला तारीख लिहून ठेवली होती. ही युक्ती मला फार आवडली. खूण ओलांडून तडा पुढे गेला किंवा त्यात नाणं बसेल इतका रुंद झाला, तर पेंटरला नव्हे, इंजिनिअरला बोलवायचं. केसासारखा आणि थांबलेला असेल तर इंग्रजी व्हीच्या आकारात खोदून, भरून घ्यायचा.

ओल कुठून येते हे तिच्या जागेवरून बरंचसं कळतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतचा आडवा पट्टा असेल तर ती जोत्यातून वर चढते आहे. छताला डाग असेल तर गच्ची, किंवा वरच्या मजल्याची न्हाणी. खिडकीच्या खाली असेल तर पाऊस किंवा कूलर. न्हाणीच्या पाठच्या भिंतीवर एकाच जागी, बारा महिने असेल तर नळाचा जोड. यातल्या कुठल्याही ओलीवर आतून रंग हा इलाज नाही. 'ओल रोखणारा' म्हणून विकला जाणारा लेप आतून मारला तर पाणी दुसरी वाट शोधतं, आणि पट्टा दोन फुटांवरून चार फुटांवर जातो. आधी गच्ची, नळ, जोतं. हा खर्च दिसत नाही, पाहुण्यांना दाखवता येत नाही, म्हणून तो पुढे ढकलला जातो.

महालातला चुना

महाल भागात भोसल्यांच्या काळापासूनची वस्ती आहे. तिथल्या एका जुन्या घरात, विटा आणि चुन्यात बांधलेल्या दीड हात जाडीच्या भिंतींसमोर, मी बराच वेळ उभी होते. घराच्या दोन खोल्या मुलाच्या लग्नात 'नव्या' केल्या होत्या: पुट्टी, प्रायमर, चमकदार इमल्शन. मागची माजघराची खोली खर्चात बसली नाही म्हणून चुन्यावरच राहिली होती. नव्या खोल्यांचा रंग जागोजागी फुगला होता. माजघराची भिंत शांत होती.

यात गूढ काही नाही. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो खदखदतो, पाणी तापतं, आणि विझलेला चुना तयार होतो. तो दोन-चार दिवस मुरवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात डिंक किंवा मीठ आणि पिवळटपणा मारायला थोडी नीळ घालायची. भिंतीवर पातळ हात मारला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे भिंतीवर दगडाचाच एक पातळ थर चढतो. त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून भिंत ओल घेते आणि सोडते. शिवाय ताजा चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशीचं फावत नाही. इमल्शन मात्र प्लास्टिकची पातळ कातडी आहे. चुन्याच्या जुन्या भिंतीवर ती चढवली की आतली वाफ मागे अडकते आणि कातडीला ढकलत राहते.

चुन्याचे तोटे मला माहीत आहेत. पाठ टेकली की कपड्याला लागतो, पुसता येत नाही, दर वर्षी-दोन वर्षांनी काढावा लागतो, आणि नीट चुना काढणारा माणूस मिळणं अवघड होत चाललं आहे. तरीही माझं मत स्पष्ट आहे: महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी इथल्या चुन्यात बांधलेल्या घरांना आतून चुनाच काढावा. त्यांनी नव्या फ्लॅटसारखं दिसण्याचा हट्ट धरू नये.

डब्यात काय असतं

रंग समजून घ्यायला नागपूरकराला लांब जावं लागत नाही. अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, आपल्या सगळ्यांची 'एलआयटी'. कामठीचे रायबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. त्यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिलेल्या मोठ्या देणगीतून ही संस्था 1942 मध्ये उभी राहिली. लेपनाचं, म्हणजे रंग-वार्निशाचं तंत्रज्ञान शिकवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. आता ती स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. योगायोग असा, की त्याच 1942 साली मुंबईत गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली. महायुद्धामुळे परदेशी रंगांची आयात अडली होती, आणि बाजारात जागा मोकळी झाली होती. पुढे 1954 मध्ये त्यांच्या डब्यांवर आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला, हातात ब्रश घेतलेला खोडकर 'गट्टू' आला. एशियनच्याच ट्रॅक्टर डिस्टेंपरच्या त्या पिढीत आमच्या आईवडिलांची घरं रंगली.

डबा उघडला की आत चार गोष्टी असतात. अंग झाकणारी पांढरी भुकटी, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. जागा भरणारी स्वस्त भुकटी, म्हणजे खडू, संगजिरे, चिनी माती. या सगळ्याला भिंतीशी धरून ठेवणारा चिकट पदार्थ, त्याला बाइंडर म्हणतात. आणि पाणी. टायटॅनियम महाग असतं. ज्या इल्मेनाइटपासून ते काढतात ते खनिज आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे. बाइंडरही महाग. बाकी स्वस्त.

एवढं लक्षात ठेवलं की दुकानातले सगळे चकचकीत शब्द आपोआप जागेवर बसतात. डिस्टेंपरमध्ये खडू भरपूर, बाइंडर कमी. म्हणून तो स्वस्त, म्हणूनच हात फिरवला की पांढरा लागतो आणि ओल्या फडक्याने फार घासला की निघतो. साध्या इमल्शनमध्ये बाइंडर जास्त, महागात त्याहून जास्त. बाइंडर वाढला की थर घट्ट होतो, डाग पुसले जातात आणि चमक वाढते. म्हणजे 'वॉशेबल', 'सॅटिन', 'लक्झरी' हे बऱ्याच अंशी एकाच प्रमाणाचे चढते आकडे आहेत. पण चमक भिंतीचा प्रत्येक उंचवटा दाखवते. खडबडीत भिंतीवर महागाचा चमकदार रंग लावणं म्हणजे तिचे दोष दिव्याखाली धरणं. अशा भिंतीला मॅटच हवा.

डब्यावर भारतीय मानकाचा क्रमांकही पाहावा. धुता येणाऱ्या डिस्टेंपरसाठी आयएस 428 आणि प्लास्टिक इमल्शनसाठी आयएस 15489 ही मानकं आहेत. अनोळखी नावाचा डबा फार स्वस्तात मिळत असेल तर हा आकडा शोधायला डोळे बारीक करायला हरकत नाही.

शेणापासूनच्या रंगाबद्दल नागपुरात हमखास विचारलं जातं, कारण आपले खासदार नितीन गडकरी यांच्याच हस्ते 12 जानेवारी 2021 रोजी तो बाजारात आला. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा हा 'प्राकृतिक पेंट' जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेने विकसित केला आणि तो डिस्टेंपर व इमल्शन अशा दोन प्रकारांत आला. शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्या पिढीला त्यात माया वाटते, आणि गावात गोठेवाल्याला चार पैसे मिळणार असतील तर तो हेतू मला पटतो. पण ओल्या भिंतीवर तोही टिकणार नाही. त्याचं मोजमाप इतर डिस्टेंपर-इमल्शनसारखंच करावं.

इतवारीतला एक तास

इतवारीतल्या एका रंगाच्या दुकानात मी तासभर बसले. रंग मिसळायचं मशीन घरघरत होतं. संगणकावर क्रमांक दाबला की पांढऱ्या बेसमध्ये थेंब-थेंब रंग पडायचा, मग डबा हलवणाऱ्या यंत्रात. तासाभरात जी गिऱ्हाइकं आली त्यातली बहुतेक पेंटर होती. घरमालक एकच जोडपं. म्हणजे भिंत कुणाची, आणि रंग कोण निवडतंय, हे बघा. कित्येक डब्यांत पेंटरसाठी टोकन असतं; ते स्कॅन केलं की पैसे किंवा बक्षिसाचे गुण मिळतात. ज्या माणसाच्या मजुरीत धूळ खाणं धरलेलंच नसतं, त्याने ते घेतलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण कुठला डबा सुचवला जातोय त्यामागे हेही असू शकतं, हे घरमालकाला माहीत असावं. डबा स्वतः जाऊन घ्यावा, आणि तो आपल्यासमोर फोडून घ्यावा.

त्या जोडप्याला गडद मरून हवा होता. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, "काकाजी, गडद शेडले तीन हात लागतीन, दोनात खालचं दिसते." कारण सरळ आहे. गडद रंगाच्या बेसमध्ये टायटॅनियम कमी असतं, त्यामुळे खालचं झाकायची ताकद कमी. हेच पिवळ्याचं आणि लालाचं.

शेडकार्डावरचा चौकोन बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. तो पाहून चारशे चौरस फुटांचा निर्णय घेऊ नये. सगळ्यात लहान डबा घ्या, भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट पट्टा मारा, आणि तो सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. पिवळ्या एलईडीखाली करडा रंग मातकट होतो, पांढऱ्याखाली बदामी फिकट पडतो. नागपूरच्या दुपारी पश्चिमेच्या खोलीत केशरी-पिवळ्या भिंती डोळ्यांना टोचतात. तिथे फिका हिरवट किंवा राखाडी बरा वाटतो. हे माझं मत, पण तीन उन्हाळे पश्चिमेच्या खोलीत काढून झालेलं.

किती लिटर लागेल याचा अंदाज स्वतः काढता येतो. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. चार भिंतींचा घेर 44 फूट, म्हणजे 440 चौरस फूट. दारं-खिडक्या वजा केल्या की साधारण 380. छताचे 120. एकूण पाचशे. पुट्टी केलेल्या भिंतीवर चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांत साधारण 100 ते 140 चौरस फूट जातो. म्हणजे चार-पाच लिटर. पेंटरने दोन लिटरांतच खोली संपवली तर त्यात पाणी किती गेलं ते विचारा. पाण्याचं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं.

कुठे काय, हे थोडक्यात: फोडणीच्या ओट्यामागे आणि मुलांच्या हाताच्या उंचीवर पुसता येणारा, थोड्या चमकीचा. छताला पांढरा मॅट, तिथे महाग रंग वाया जातो. कूलरच्या भिंतीला बुरशीरोधक घटक असलेला इमल्शन, पण आधी बुरशी ब्लीचच्या पाण्याने धुऊन, वाळवून. भाड्याने द्यायच्या घराला डिस्टेंपर, त्यात कमीपणा नाही.

घासायच्या आधी

रंगकामाचा सगळ्यात धोक्याचा दिवस पहिला असतो. जुना रंग खरवडताना, पॉलिश पेपर मारताना उडणारी ती धूळ.

जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः दारं, खिडक्यांचे गज, चमकदार पिवळा-हिरवा-लाल यांत, शिसं असायचं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि ती 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधी रंगलेलं जे दार तुमच्या घरात आहे, त्यावर शिसं आहे असं धरूनच चालावं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसं थोडंही घातक असतं. म्हणून असं दार कोरडं घासू नये. पाणी मारून ओलं घासावं, धूळ ओल्या फडक्याने पुसावी, आणि त्या दोन दिवसांत मुलं आणि गरोदर बाई शेजारी किंवा आजीकडे. घासणाऱ्या माणसाला चांगला मास्क आपण आणून द्यावा. मी पाहिलेल्या घरांत बहुतेक पेंटरांच्या तोंडाला फक्त दुपट्टा होता.

पुट्टीतही एक गोष्ट चुकते. जुना चुना किंवा डिस्टेंपर पूर्ण न खरवडता त्यावर पुट्टी चढवली, तर पुट्टी भिंतीला नव्हे, खडूच्या भुकटीला चिकटते. भिंत हातोडीच्या मुठीने ठोकली की पोकळ आवाज येतो तो यामुळेच. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ओल्या केलेल्या गिलाव्यावर थेट जाते. अॅक्रिलिक पुट्टीच्या आधी प्रायमर लागतो. आणि नवं बांधकाम असेल तर गिलावा निदान चार आठवडे तरी वाळू द्यावा. ताज्या सिमेंटमधला तीव्र क्षार रंगावर डाग उठवतो, आणि ऑइल पेंटचा तर अक्षरशः साबण करतो.

दिवाळीच्या आधी की नंतर

आता ते, जे दिवाळी अंकात लिहिणं थोडं अवघड आहे.

पाऊस नागपुरातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मागे फिरतो. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. म्हणजे चार महिने पाणी प्यायलेल्या भिंतीला वाळायला कधी एक आठवडा मिळतो, कधी चार. त्यातच सगळ्या गावाला एकाच पंधरवड्यात रंग हवा असतो. पेंटर तीन घरं एका वेळी धरतो, पुट्टी संध्याकाळी आणि रंग सकाळी होतो, दोन हातांमधलं अंतर जेवणाच्या सुट्टीएवढं उरतं. आपल्या मध्यमवर्गीयांच्या वर्षाच्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक आपण सगळ्यात वाईट मुहूर्तावर करतो. मे महिनाही नको. 45 अंशांत रंग ब्रशवरच वाळतो आणि रोलरचे जोड दिसतात. नागपूरच्या भिंतीला रंगासाठी चांगले महिने डिसेंबर ते फेब्रुवारी.

चुन्याच्या आणि सारवणाच्या काळात दिवाळीचा रंग बरोबर होता. गोंदियाकडची छुई माती किंवा चुना, दोन्हीतून भिंत वाळत राहायची. आपण पदार्थ बदलला आणि तारीख तशीच ठेवली.

म्हणून एक विनंती. यंदा रंग काढायचा ठरवला असेल तर आज रात्री हातभर प्लास्टिक भिंतीला चिकटवा. उद्या रात्री ते कोरडं निघालं तर खुशाल रंग काढा. थेंब दिसले तर भिंत पुसून घ्या, जाळी-जळमटं काढा, दारात रांगोळी घाला, पणत्या लावा. पेंटरला मात्र डिसेंबरची तारीख द्या. त्या दिवसांत त्याच्याकडे वेळ असतो, आणि कामाची त्यालाही गरज असते.

आमच्या खोलीत जोत्याचं काम झालं आहे. पट्ट्यावरचा सुटलेला इमल्शन खरवडून भिंत उघडी ठेवली आहे. येत्या दिवाळीत ती तशीच दिसेल, रंग जानेवारीत.